होडीची वरात

अमेरिकेतल्या भाच्याने होडी घेतली. होडीने आपल्याला न्यावं ही माझी भाबडी समजूत; इथे आपणच होडीला न्यायचं! तळं ४० मैलांवर.

पिकअपमागे अडीच टनांचं ते धूड जोडून भाचा म्हणाला, "मामा, ओढणं सोपं, थांबवणं कठीण. ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार हुकावर हवा. कमी पडला, की मागची शेपूट हलायला लागते."

पुढच्या उतारावर त्याने ब्रेक दाबला आणि होडीने मागून असा रेटा दिला, की मी रामरक्षा सुरू केली.

तळ्याकाठी तर सगळा उलटा कारभार! मागे जाताना स्टिअरिंग डावीकडे, होडी उजवीकडे. घामाघूम भाच्याने ती एकदाची पाण्याशी नेली. तेवढ्यात सूनबाईने विचारलं, "तळाचं बूच लावलंस ना?"

भाच्याने खिसा चाचपला. बूच खिशातच! अडीच टनांची अब्रू अंगठ्याएवढ्या बुचाने राखली.