सात माणसं, तीन केबिनी

रविवार, 9 जून 2024, सिअ‍ॅटल

विहीणबाईंची विजेची किटली धक्क्यावरच अडवली. तापणारं काहीही केबिनमध्ये चालत नाही: किटली, इस्त्री, पाण्यात सोडायचा रॉड, काही नाही. बोटीवर सगळ्यात मोठं भय आगीचं. पावती मिळाली, उतरताना किटली परत देतील. पावती पर्समध्ये ठेवत विहीणबाई म्हणाल्या, "म्हणजे आता आठवडाभर यांच्या हातचा चहा."

बाकी सगळं सुरळीत. मोठ्या बॅगा धक्क्यावर ताब्यात घेतात आणि संध्याकाळी केबिनच्या दाराशी आणून ठेवतात. म्हणून सुनेने प्रत्येकाच्या खांद्यावर एकेक लहान पिशवी दिली होती: औषधं, एक स्वेटर, पासपोर्ट, मुलांचे पोहायचे कपडे. दुपारी एकला चढलो आणि दीडला दोन्ही नातवंडं तरणतलावात. शेजारी एक कुटुंब जीन्स गुडघ्यापर्यंत दुमडून नुसतं काठावर बसलं होतं, त्यांचे कपडे बॅगांत. विहीणबाईंच्या गुडघ्यांसाठी चाकांची खुर्ची आधीच सांगून ठेवली होती, तिच्यामागून आम्हीही रांगेच्या पुढे गेलो. गुडघेदुखीचा असा उपयोग प्रथमच पाहिला.

सुरक्षेचा सराव आता सोपा झालाय. केबिनमधल्या टीव्हीवर माहिती बघायची आणि आपल्या नेमलेल्या जागी जाऊन हजेरी द्यायची. सात लहान भोंगे आणि एक लांब, म्हणजे धोका. चार वर्षांच्या नातवाच्या मनगटावर पट्टा बांधला, त्यावर त्याच्या जागेचं अक्षर. लेकाने तेवढ्यात सगळ्यांचे फोन घेऊन एअरप्लेन मोडवर टाकले. समुद्रात फोन बोटीचं नेटवर्क पकडतो आणि बिल घरी गेल्यावर कळतं.

हे कठड्याला टेकून बराच वेळ गप्प होते. मग भाऊच्या धक्क्यावरून मालवणला जाणारी बोट निघाली, म्हणजे गोष्टीत. डेकवर आपल्या वळकटीएवढीच जागा, रात्रभर वारा, आणि मालवणला बोट खोल पाण्यातच थांबायची, तिथून पडावात उतरायचं. "आणि इथे लिफ्ट," म्हणाले. तक्रार होती की कौतुक, कळलं नाही.

जेवताना त्यांनीच ठराव मांडला: दिवसभर ज्याचं त्याने बघावं, संध्याकाळी साडेसहाला मात्र सगळे एका टेबलावर. एकमताने मंजूर.

सोमवार, 10 जून, समुद्रात

सुनेला बोट लागली. सिअ‍ॅटलहून निघणाऱ्या बहुतेक बोटी व्हँकूवर बेटाच्या बाहेरच्या अंगाने, उघड्या समुद्रातून वर जातात. शांत, बेटांआडचा रस्ता हवा असेल तर बोट कॅनडातल्या व्हँकूवर शहरातून धरावी, असं शेजारच्या टेबलावरच्या एका जुन्या प्रवाशाने सांगितलं. आमची केबिन पाचव्या मजल्यावर, मधोमध, म्हणून आम्हाला नुसतं डोलल्यासारखं वाटलं. लेकाने हौसेने अगदी पुढची, वरची, बाल्कनीवाली केबिन घेतलेली. तिथे पडदे आपोआप मागेपुढे होत होते. गोळी उलटी सुरू होण्याआधी घ्यायची असते, नंतर ती पोटात राहत नाही. आल्याचं पाचक, हिरवं सफरचंद आणि कोरडी बिस्किटं, यावर दुपारी ती उठून बसली.

आमच्या केबिनला खिडकीच नाही, निम्म्या भावात मिळाली. विहीणबाईंना आधी कसंतरी झालं, पण इथे जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. नात रात्री आमच्याकडे झोपायला आली ती त्या काळोखासाठी. भिंती लोखंडी असल्यामुळे चुंबकाचे आकडे चिकटतात. सुनेने डझनभर आणलेत, त्यावर टोप्या, रेनकोट, ओले कपडे, सगळं लटकतंय.

मुलांच्या खोलीत तीन वर्षं पूर्ण झालेल्या आणि लंगोट सुटलेल्या मुलांना घेतात. नातू आत गेला तो आमच्याकडे वळूनही न बघता. न्यायला येणाऱ्यांची नावं लिहून द्यावी लागतात. आजोबांचं नाव लिहायचं राहिलं होतं, तर त्यांना दारातून परत पाठवलं. हे चिडले. मला व्यवस्था आवडली.

विहीणबाईंना वाचनालयात एक टेबल सापडलंय. त्यावर हजार तुकड्यांचं जिगसॉ मांडून ठेवलेलं असतं, येणाऱ्याजाणाऱ्याने जमेल तेवढं लावायचं. टेक्सासच्या एका आजी तिथे ठाण मांडून असतात. त्यांना मराठी येत नाही, विहीणबाईंना इंग्रजी जेमतेम. दोघी तीन तास आकाशाचे निळे तुकडे शोधत होत्या.

वाढणारा मुलगा गोव्याचा निघाला. छातीवरच्या पट्टीवर देशाचं नाव असतं, तेवढ्यावरून यांनी विचारलं, "खंयचो रे तू?" "कुडतरीचो," तो म्हणाला, आणि तिथून पुढे आम्हाला पाणी मागावं लागलं नाही. बोटींवर गोव्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्याचा बाप आणि आजोबाही बोटीवरच होते. सलग आठ महिन्यांचा करार, आठवड्याची सुट्टी नाही. मुलगी जन्मली तेव्हा हा समुद्रात होता. त्याने एक कामाची गोष्ट सांगितली: शाकाहारी भारतीय जेवण मेन्यूत दिसत नाही, पण आदल्या रात्री सांगितलं तर मुदपाकखाना दुसऱ्या दिवशी करून देतो. उद्यासाठी विहीणबाईंनी वरणभात सांगितला. तूपही मिळेल म्हणाला.

रात्री घड्याळं एक तास मागे.

मंगळवार, 11 जून, जुनो

अलास्काची राजधानी, पण बाहेरून इथे मोटारीने येताच येत नाही. रस्ते आहेत, ते काही मैलांवर संपतात. यायचं ते बोटीने नाहीतर विमानाने.

देवमासे बघण्याची सफर लेकाने बोटीच्या कंपनीकडून घेतली, हे बंदरावर उतरून घ्या म्हणत होते. बाहेर स्वस्त पडते हे खरं. पण कंपनीची सफर लांबली तर बोट थांबते. बाहेरून घेतलेली लांबली तर धक्क्यावर उभं राहून बोट जाताना बघायची आणि पुढचं बंदर स्वखर्चाने गाठायचं. सात माणसांच्या तिकिटांचा हिशेब केल्यावर हे गप्प बसले.

हंपबॅक जातीचे देवमासे हिवाळा हवाईच्या ऊबदार पाण्यात काढतात. पिल्लं तिथे होतात, खाणं मात्र इथे. आम्हाला आधी फक्त फवारा दिसला. नाव चालवणाऱ्या बाईंनी इंजिन बंद केलं. पाण्याला एक गुळगुळीत, तेलकट वर्तुळ आलं, त्यातून काळी पाठ वर आली, बारीकसा कणा वळला आणि शेवटी शेपूट, खालून पांढरी, कडा कुरतडलेली, पाणी निथळत सरळ उभी राहून खाली गेली. नात ओरडायची विसरली. शेपटीच्या खालच्या बाजूची नक्षी प्रत्येकाची निराळी असते आणि तिच्यावरून एकेक देवमासा ओळखतात.

दुपारी मेंडनहॉल हिमनदी. तिच्यासमोरून नगेट धबधब्यापर्यंतची वाट जवळजवळ सपाट आहे, जाऊनयेऊन दोन मैल. विहीणबाई तिथल्या माहिती केंद्रात खिडकीशेजारी बसल्या, बाकी सगळे चाललो. हिमनदीच्या जवळ जाऊ तसं गार लागतं.

बुधवार, 12 जून, स्कॅग्वे

1897-98 मध्ये सोन्याच्या मागे लागून हजारो माणसं या गावातून डोंगर चढून क्लोंडाइककडे गेली. कॅनडाच्या पोलिसांचा दंडक असा की वर्षभर पुरेल एवढं सामान, साधारण एक टन, बरोबर असल्याशिवाय हद्दीत पाऊल टाकायचं नाही. ते खेपा करकरून पाठीवर आणि घोड्यांवर वर न्यायचं. व्हाइट पासच्या वाटेवर तीन हजारांच्या आसपास जनावरं मेली, ती दरी आजही मेलेल्या घोड्यांच्या नावाने ओळखतात. मग 1898 मध्ये रुळांचं काम सुरू झालं, 1900 मध्ये पूर्ण झालं, तोवर सोन्याची हवा ओसरली होती.

गाडी अरुंद, तीन फुटी रुळांवरची. वीस मैलांत 2865 फूट चढते, आपल्या माथेरानच्या गाडीची थोरली बहीण. चढताना डाव्या बाजूला बसावं, दरी तिकडे. उतरताना डब्यातली माणसं बाजू बदलतात, त्यामुळे भांडण नाही. गाडीत पायऱ्या सोडल्या तर ज्येष्ठांना काही त्रास नाही. माझ्या मते या सहलीत देवमाशांनंतर पैसे खर्चायची दुसरी जागा हीच.

गाव म्हणजे निम्मी हिऱ्यांची दुकानं. आत जाऊ नये.

गुरुवार, 13 जून, ग्लेशियर बे

आज कुठेही उतरायचं नव्हतं. या उद्यानात दिवसाला दोनच मोठ्या बोटींना सोडतात. सकाळी एक लहान नाव येऊन चिकटली आणि उद्यानाचे रेंजर दोराच्या शिडीने वर चढले. दिवसभर तेच ध्वनिक्षेपकावर बोलत होते.

1794 मध्ये जॉर्ज व्हँकूवरची माणसं इथे आली तेव्हा हा उपसागर जवळपास नव्हताच, होती ती बर्फाची भिंत आणि तिला पडलेली जराशी खाच. 1879 मध्ये जॉन म्यूर आला तोवर बर्फ 40 मैलांहून जास्त मागे गेला होता. आज मुखापासून टोकापर्यंत 65 मैल पाणी आहे. त्याआधी बर्फ पुढे सरकत आला तेव्हा हुना ट्लिंगिट लोकांना आपली गावं सोडून पळावं लागलं. 2016 मध्ये त्यांचं सामुदायिक घर उद्यानात पुन्हा उभं राहिलं. रेंजरबाईंनी हे सांगितलं तेव्हा डेकवर अर्धी माणसं सेल्फी काढत होती.

विहीणबाईंचा गुरुवार. काल रात्री कुडतरीच्या मुलाला हळूच सांगितलं होतं. सकाळी त्याने उकडलेले बटाटे, दही, फळं आणि वाटीभर भाजलेले दाणे आणले. "आंटी, मीठ सैंधव नाही," म्हणाला. ख्रिस्ती मुलगा, याला उपवासाचं मीठ कुणी शिकवलं? आधीच्या करारात गुजराती मंडळी असायची म्हणे.

दहाच्या सुमाराला मार्जरी हिमनदी समोर आली. सुमारे मैलभर रुंद, पाण्यावर अडीचशे फूट उंच. जुनं, दाबलेलं बर्फ प्रकाशातला लाल रंग शोषून घेतं म्हणून भेगांमधून निळं दिसतं, तो निळा फोटोत येत नाही. बोट थांबली. एवढी माणसं आणि कुणी मोठ्याने बोलेना. डाव्या टोकाकडून एक सुळका सुटला, आधी नुसता घसरताना दिसला आणि दोनेक सेकंदांनी तोफ उडाल्यासारखा आवाज आला. लाट आमच्यापर्यंत येईतो वरचे पांढरे पक्षी परत जागेवर बसले होते.

"हे पडलं ते चांगलं की वाईट?" विहीणबाईंनी विचारलं. लेकाने रेंजरबाईंना विचारून सांगितलं: पाण्याला टेकलेल्या हिमनदीचे तुकडे पडणं हा तिचा स्वभावच, काळजी आहे ती वरून किती भरतंय याची. शेजारची ग्रँड पॅसिफिक हिमनदी दगडमातीने इतकी माखलीय की बोट दाखवल्याशिवाय ओळखू येत नाही. इंधन जाळत एवढी मोठी बोट हे बघायला आणायची, यात काहीतरी चुकतंय असं मला दिवसभर वाटत राहिलं. आले मात्र मीही.

कप्तान बोट जागच्या जागी पूर्ण फिरवतो. त्यामुळे बाल्कनी कुठल्या बाजूची घ्यावी याचा खल फुकट आहे. सगळ्यात चांगलं दृश्य उघड्या डेकवरून दिसतं, तिथे बिनखिडकीवालेही जातात. कानटोपी, हातमोजे आणि दुर्बीण मात्र हवी. माणशी एक नसली तरी दोन हव्यात, नाहीतर नातवंडांची मारामारी.

शुक्रवार, 14 जून, केचिकन

पाऊस. इथे वर्षाला साडेतीन मीटरहून जास्त पडतो. हे खूश, "हा आमचा पाऊस." छत्र्या वाऱ्यात उलट्या होतात, रेनकोटच हवा. ओढ्यावर खांब रोवून बांधलेली क्रीक स्ट्रीट पूर्वी वेश्यावस्ती होती, आता तिथे दुकानं आहेत. नातीने "इथे काय होतं?" विचारल्यावर सगळ्यांना एकदम सामन मासे दाखवायची घाई झाली. मासे मात्र मोठ्या संख्येने जुलै-ऑगस्टमध्ये येतात. जुने टोटेम खांब हेरिटेज सेंटरमध्ये आहेत, पडक्या गावांतून आणून जपलेले, रंग उडालेले. बाजारातल्या रंगीत खांबांपेक्षा हे बघावेत.

बोटीवर कुणाकुणाला जुलाब-उलट्या सुरू झाल्यात असं ऐकलं. सॅनिटायझर या आजाराच्या विषाणूवर फारसा चालत नाही, साबणपाणीच लागतं. सुनेने दोन्ही मुलांना जेवणाआधी वीस आकडे म्हणत हात धुवायला लावले.

शनिवार, 15 जून, व्हिक्टोरिया

संध्याकाळी येऊन मध्यरात्री निघणारं हे बंदर बोट कायद्यासाठी धरते. 1886 च्या अमेरिकी कायद्याने परदेशी नोंदणीच्या बोटीला अमेरिकेच्या बंदरातून निघून, मध्ये परदेशी बंदर न घेता, अमेरिकेतच प्रवासी उतरवता येत नाहीत. मोठ्या बोटी बहुतेक बहामा, पनामा वगैरेंच्या नावावर, म्हणून कॅनडा. आणि म्हणून भारतीय पासपोर्टवाल्या आम्हा तिघा म्हाताऱ्यांना, अमेरिकेचा व्हिसा असूनही, कॅनडाचा वेगळा काढावा लागला. लेकाकडे ग्रीन कार्ड, सून आणि मुलं अमेरिकी नागरिक, त्यांना लागला नाही. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याला हे धक्क्यावर कळलं. त्यांची मुलं बोटीवर गेली, ते घरी.

विधिमंडळाच्या इमारतीवरचे दिवे बघून परत.

रविवार, 16 जून, सिअ‍ॅटल

बॅगा काल रात्रीच दाराबाहेर ठेवायच्या होत्या. हे अंगावरचे सोडून सगळे कपडे भरून मोकळे होणार होते, वेळेवर अडवलं. बोटीवरची फळं खाली नेता येत नाहीत, केळी खाऊनच उतरलो. किटली परत मिळाली.

बक्षिसी बिलात आपोआप लागते: बहुतेक कंपन्यांत माणशी दिवसाला 16 ते 20 डॉलर, मुलांचीही. आमची सगळ्यांची मिळून नऊशेच्या घरात गेली. भाडं ठरवतानाच ही धरावी. कुडतरीच्या मुलाला वेगळं पाकीट दिलं आणि त्याच्या साहेबांच्या नावे चार ओळी लिहिल्या. पुढच्या कराराला त्या जास्त उपयोगी पडतात, असं तोच म्हणाला होता.

ताईने फोनवर विचारलं, आम्हीही जाऊ का? तिला कळवलं: जा. कॅनडाचा व्हिसा हातात आल्याशिवाय पैसे भरू नका. आतली, खालची, मधली केबिन घ्या, वाचलेले पैसे जुनोच्या देवमाशांवर आणि स्कॅग्वेच्या गाडीवर घाला. आणि व्याह्यांना नक्की न्या.