चित्रांची रोजकीर्द

हिशेबशास्त्रात रोजकीर्द ही मूळ नोंदीची वही. व्यवहार घडला की पहिली नोंद तेथे होते. खतावणी, तेरीज आणि ताळेबंद हा पुढचा प्रवास. रोजकीर्दीत वळणदार अक्षरापेक्षा तत्परतेला अधिक मान असतो आणि चुकलेली नोंद खरवडून काढण्याची मुभा नसते. दुरुस्तीची वेगळी नोंद करावी लागते. ज्यांना चित्रवही, म्हणजे हल्ली ज्याला आर्ट जर्नल म्हणतात ती, सुरू करावीशी वाटते आणि जमत नाही, त्यांची अडचण बहुधा एवढीच की ते तिला पहिल्या दिवसापासून ताळेबंद समजतात. व्यापारी घराण्यांत दिवाळीला वहीपूजन होते, पण पूजेचे ते पान सोडले तर उरलेली वही रोजच्या कामाचीच असते.

मालवणच्या एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी अशीच एक दोनशे पानांची वही तीन आठवडे कोरी पडून होती. घाई मात्र होती. चौसोपी घराच्या वाटण्या झालेल्या, पावसाळा संपताच कौले उतरवून घर पाडायचे आणि तेथे स्लॅबची इमारत उभारायची, असे दिरांनी ठरवलेले. छप्पर पाहायला आलेल्या सुताराने वर बोट दाखवून निकाल दिला होता, ‘‘बाईनू, ह्यो वासो आता टिकाचो नाय.’’ हाती उरला होता तो एक पावसाळा. बाईंनी आयुष्यभर फळ्यावर नकाशे काढले, पण स्वतःसाठी रेघ ओढायची म्हटले की हात थबके.

सुरुवात झाली ती माजघराच्या किल्लीने. वितभर लांबीची ती लोखंडी किल्ली वहीच्या मधल्याच एका पानावर ठेवून तिच्याभोवती पेन्सिल फिरवली गेली. पहिले पान सोडून दिले, हे शहाणपणाचे झाले. पहिल्या पानाचा धाक फार मोठा असतो. त्यानंतर दाराच्या चौकटीवरील कोरीव वेलीवर पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी घासली, तशी वेल आपोआप कागदावर उमटली. ज्याला चित्र काढता येत नाही त्याच्यासाठी यासारखी दुसरी सोय नाही. कौल, पाट्याचे टाके, विळीचा पाट, फरशीचा तडा, सारे काही असे घासून घेता येते.

चित्र आणि वही यांचे नाते सिंधुदुर्गाला नवे नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आहे. रामायण-महाभारतातील एका आख्यानाच्या चित्रांचा संच म्हणजे एक पोथी. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवतात. पाने मात्र शिवत नाहीत, सुटीच ठेवतात, आणि गायन-वादनाच्या साथीने एकेक पान प्रेक्षकांसमोर धरून कथा सांगतात. ही कला जपल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. नवशिक्याने त्या पोथीकडून एक गोष्ट जरूर घ्यावी, ती म्हणजे सुटी पाने. बिघडलेले पान शिवलेल्या वहीत बोचत राहते. सुट्या पानांत ते मागे सरकवता येते. सावंतवाडीची गंजिफा तर त्याहून आटोपशीर. दशावतारी गंजिफेची 120 पाने, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. तळहाताएवढ्या गोल पानावर चित्र मांडायचे म्हटल्यावर कोऱ्या कागदाची भीती बरीचशी ओसरते. वहीत वाटी पालथी घालून वर्तुळ आखावे आणि त्या दिवशी तेवढेच भरावे.

चित्रकार प्रभाकर बरवे (1936–1995) यांनी वर्षानुवर्षे डायऱ्या लिहिल्या. त्यांत रेखाटन आणि विचार शेजारी शेजारी नांदतात. एवढ्या मोठ्या कलावंतालाही कॅनव्हासपूर्वी वही लागत होती, ही बाब नवशिक्याला धीर देणारी आहे.

रंगांसाठी दुकान गाठायलाच हवे असे नाही. जांभ्याची माती वाटून फडक्यातून गाळावी व डिंकाच्या पाण्यात कालवावी. त्या तांबड्याचा मूळ घटक लोहाचा असल्याने तो वर्षानुवर्षे टिकतो. हळद सुंदर दिसते, पण उन्हात उडते. तिला चुन्याचे बोट लावले की ती लाल होते. आमसुलाचे पाणी जांभळट तांबडे. चुन्याच्या स्पर्शाने तेही पालटते. नारळाच्या करवंटीचा कोळसा रेखाटनाला उत्तम. फुले चिकटवायची तर झाडाखाली पडलेली घ्यावीत. तोडण्याचे कारण नाही. सुरंगीचे सुकलेले फूलही बराच काळ वास धरून राहते.

कोकणातला खरा शत्रू दमटपणा. आषाढात चिकटवलेल्या पानाला श्रावणात बुरशी येते, आणि पिठाच्या खळीवर कसर तुटून पडते. जुने बांधणीकार खळीत किंचित मोरचूद घालीत, ते याचसाठी. मोरचूद विषारी आहे. मुलांच्या हाती देऊ नये.

बाईंनी श्रावणभर एक नेम ठेवला. रोज संध्याकाळी चिवल्याच्या किनाऱ्यावर जाऊन त्या वेळचे आकाश एका बोटभर चौकटीत रंगवायचे. तीस चौकटींपैकी बावीस करड्याच निघाल्या. पण एकीसारखी दुसरी नाही. उरलेल्या पानांवर घराचा नकाशा, कोणत्या खोलीत कोण जन्मले याची नोंद, लोणच्याच्या बरण्यांची रांग, पुण्याच्या नातवाने काढलेली वाकडीतिकडी विहीर. एका पानावर पाणी सांडून शाई पसरली. ते पान फाडले नाही. खाली तारीख आणि ‘पागोळी गळाली’ एवढेच लिहिले.

भाद्रपदात धाकटे दीर मोजमापासाठी आले. पाडण्याचा आग्रह मुख्यतः त्यांचाच. बोलता बोलता त्यांनी वही चाळायला घेतली आणि देवघराच्या खांबाच्या घासचित्रापाशी थांबले. त्या खांबावर भावंडांच्या उंचीच्या खुणा चाकूने कोरलेल्या. कागदावर त्या पांढऱ्या रेघा होऊन उमटल्या होत्या. आपली रेघ त्यांना लगेच सापडली. थोरल्या भावाची, म्हणजे बाईंच्या दिवंगत यजमानांची, तिच्याहून चार बोटे वर होती.

‘‘वहिनी, मला याची एक प्रत काढून द्याल?’’

बाईंनी कागद आणि पेन्सिल त्यांच्याच हाती दिली. त्या दिवशी फीत बाजूला राहिली आणि साठीतले ते गृहस्थ खांबाशी गुडघे टेकून बराच वेळ पेन्सिल घासत बसले. घर पाडणे टळले नाही. तो खांब मात्र नव्या घराच्या ओटीवर उभा करायचे ठरले आहे.