म्हैसूरला जाताना चन्नपट्टणला उतरा!

सहा-सात महिन्यांच्या बाळाच्या हातात काहीही द्या, ते आधी कुठे जातं? थेट तोंडात! चोखून, चावून, जमिनीवर आपटून बघितल्याशिवाय बाळाची कुठल्याही वस्तूशी ओळखच होत नाही. म्हणून खेळणं दिसतं कसं यापेक्षा ते कशाचं बनलंय आणि त्यावरचा रंग कसला आहे, हे आईबाबांनी आधी पाहायला हवं. या काळजीवर एक सुरेख उत्तर कर्नाटकातल्या एका लहानशा गावाकडे पूर्वीपासूनच आहे. ते गाव म्हणजे चन्नपट्टण.

बेंगळूरुहून म्हैसूरकडे निघालं की साधारण ६० किलोमीटरवर हे गाव लागतं. वाटेत रामनगरचे उघडेबोडके खडक दिसतात. 'शोले'तल्या गब्बरसिंगचा अड्डा तो इथलाच! ते मागे पडले की थोड्याच वेळात चन्नपट्टण. कानडीत याला 'गोंबेगळ ऊरु' म्हणजे बाहुल्यांचं गाव म्हणतात. जुन्या रस्त्यालगतच्या दुकानांत खुळखुळे, भोवरे, आगगाड्या, मान डोलावणाऱ्या बाहुल्या आणि एकावर एक चढवायच्या कड्या अशा झगमगत असतात की मुलं तिथून हलायला तयार होत नाहीत.

टिपू सुलतानानं इराणी कारागीर बोलावून ही कला इथे रुजवली, असं सांगतात. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बावस मियाँ या कारागिरानं जपानी तंत्र शिकून इथल्या लाखकामाला नवं वळण दिलं.

या खेळण्यांचं लाकूड आपल्याही ओळखीचं आहे. कानडीत ज्याला 'हाले' म्हणतात, तोच आपला काळा कुडा. हे लाकूड पांढरं, मऊ आणि बारीक पोताचं असल्यामुळे ते छान कातता येतं. आधी ते चांगलं वाळवतात, मग लेथवर चढवतात. ठोकळा गरगर फिरू लागला की कारागीर पटाशीनं त्याला आकार देतो. त्यानंतर खरी गंमत! ब्रश नाही की रंगाचा डबा नाही. रंग मिसळून घट्ट केलेली लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळते आणि लाकडावर सारखी बसते. शेवटी केवड्याच्या जातीतल्या झाडाचं वाळलेलं पान त्यावर दाबून फिरवलं की आरशासारखी चकाकी येते. लाख ही झाडांवर राहणाऱ्या किड्यांची देणगी. पिवळा रंग हळदीचा, निळा निळीचा, तपकिरी काताचा, ही इथली नैसर्गिक रीत. लेथवर आता अनेक बायकाही सराईतपणे काम करतात.

या खेळण्यांना २००५-०६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकनानं गिऱ्हाईक दारात येतंच असं नाही. आधी स्वस्त चिनी प्लॅस्टिकनं बाजार खाल्ला. मग मार्च २०२३ मध्ये बेंगळूरु-म्हैसूर द्रुतगती मार्गाचं उद्‌घाटन झालं. प्रवासाचा वेळ वाचला खरा, पण हा मार्ग चन्नपट्टणला वळसा घालून जातो. पूर्वी सहलीची बस चहाला थांबली की चार खेळणी सहज खपत. आता गाड्या बाहेरच्या बाहेर सुसाट निघून जातात आणि दुकानदार रस्त्याकडे डोळे लावून बसतात. म्हणजे इथे यायचं तर आता मुद्दाम वळायला हवं. बेंगळूरु-म्हैसूर लोहमार्गावर चन्नपट्टण स्टेशन आहे, त्यामुळे रेल्वेनंही उतरता येतं.

खरेदी करताना मात्र डोळे उघडे ठेवा. १ जानेवारी २०२१ पासून देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, पण नोंदणीकृत हस्तकारागिरांना आणि भौगोलिक मानांकनाच्या अधिकृत उत्पादकांना त्यातून सूट आहे. त्यामुळे चौकशी आपणच करायची. रंग वनस्पतींचा आहे की रासायनिक, हे दुकानदाराला स्पष्ट विचारा. सगळाच माल नैसर्गिक रंगांचा नसतो. ओल्या पांढऱ्या रुमालानं खेळणं घासून रंग उतरतो का ते बघा. कडांवरून बोट फिरवा. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी सुटे, बारीक मणी असलेलं काही घेऊ नका. घरी आणल्यावर ही खेळणी उकळू नका, उन्हात ठेवू नका. उष्णतेनं लाख मऊ पडते. किंचित ओल्या फडक्यानं पुसून लगेच कोरडी केली की पुरे.

आपल्याकडे सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं आणि भातुकली कित्येक घरांत आजीनं जपून ठेवलेली असते. जुना पांगुळगाडा थोरल्यानंतर धाकट्याला मिळतो. चन्नपट्टणचा खुळखुळाही त्याच जातकुळीचा, एका बाळानंतर दुसऱ्याच्या हाती जाणारा. पुढच्या वेळी म्हैसूरचा राजवाडा बघायला निघाल तेव्हा द्रुतगती मार्ग सोडून तासभर इकडे वळा. बाळाला खेळणं मिळेल आणि एका लेथचं चाक फिरत राहील.