काळा प्लग आणि बोरघाट

नव्वदच्या दशकात पावसाळ्यातल्या रविवारी लोणावळ्याच्या गॅरेजवाल्यांना जेवायला फुरसत नसायची. भुशी धरणाला निघालेली मुंबईची पोरं खोपोलीपर्यंत झकास यायची, आणि शिंग्रोबाच्या देवळापाशी चढ लागला की गाडी मिस मारायला लागायची. मागे काळा धूर, नाकात कच्च्या पेट्रोलचा वास, तिसऱ्या गिअरला दम नाही.

लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरवर. इथली हवा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के विरळ, पण कार्बोरेटरच्या जेटला ते कुठून कळणार? तो खालच्याच मापानं पेट्रोल सोडत राहतो. एवढ्यानं धडधाकट गाडी अडत नाही, हेही खरं. फिल्टर भिजलेला किंवा सुई झिजलेली असली, की मात्र घाट तिचं पितळ उघडं पाडायचा.

मावळातल्या मिस्त्रीचा पहिला प्रश्न ठरलेला: “मालक, चोक पुरता ढकललाय ना?” निम्मी दुखणी तिथंच सरायची. मग धुराचा रंग. निळसर पांढरा असेल तर ऑइल जळतंय, काळा असेल तर पेट्रोल जास्त. दुधाच्या किटल्या लादलेल्या एम-एटी असोत की यामाहा आरएक्स १००, टू-स्ट्रोक गाडीत हा फरक आधी पाहावा लागे. नंतर प्लग पाना. प्लगच्या टोकाचं चिनीमातीचं बोंड बिस्किटी तपकिरी असलं तर गाडी निरोगी, पांढरंफटक असलं तर पेट्रोल कमी, कोरड्या काजळीनं माखलेलं असलं तर जास्त.

माझी आवडती परीक्षा पेट्रोलच्या कॉकची. चालू गाडीचा कॉक बंद करायचा आणि नुसतं ऐकत राहायचं. वाटीतलं पेट्रोल खाली जातं तसं मिश्रण हलकं होतं. बंद पडण्याआधी काही क्षण गाडी मोकळी, गोल आवाजात चालली, तर निदान पक्कं. ना यंत्र, ना खर्च.

इलाजालाही क्रम होता. आधी एअर फिल्टर, मग फ्लोट. जावा, बुलेटचा पितळी फ्लोट काढून कानाशी हलवायचा. आत पेट्रोल खळखळलं की भोक पडलंय, म्हणजे फ्लोट बुडतोय आणि वाटी भरून वाहतेय. गरम पाण्यात धरून आतलं पेट्रोल उडवायचं, मग डाख लावायचा. त्यानंतर सुई: क्लिप एक खाच वर चढवली की सुई खाली बसते आणि पेट्रोल आवळतं. एअर स्क्रूचा नंबर सगळ्यात शेवटी. आरएक्समध्ये तो बाहेर फिरवला की हवा वाढते. काही गाड्यांत स्क्रू इंजिनाच्या बाजूला असतो, तिथं नेमकं उलटं. नवशिक्या पोरांची गल्लत इथंच व्हायची.

आरएक्स १९९६ साली बंद झाली. १ एप्रिल २०२० ला भारत स्टेज ६ चे नियम आले आणि साध्या कार्बोरेटरचा काळ संपला. त्याच आठवड्यात, ५ एप्रिलला, टाळेबंदीच्या शुकशुकाटात खंडाळ्याचा १८३० सालचा अमृतांजन पूल सुरुंग लावून पाडला. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण माझ्या डोक्यात ते जोडीनंच बसलेत.

आताच्या इंजेक्शनच्या गाड्या हवेचा दाब आणि धुराड्यातला ऑक्सिजन स्वतः मोजतात आणि शिंग्रोबा कधी मागे पडला ते कळू देत नाहीत. बिघाड झाला तर मीटरवर दिवा लागतो, कामशेतचा पोरगा स्कॅनर लावतो, पडद्यावर कोड येतो, सेन्सर बदलला जातो. धूर कमी, ॲव्हरेज जास्त. पेट्रोल शंभरीपार गेलेलं असताना जुन्याचे गोडवे किती गायचे! घाटासाठी मी नवीच गाडी काढीन. पण स्कॅनर एखाद्या सेन्सरचं नाव सांगतो तेव्हा त्याची नुसती वायर सैल आहे का, हे पाहणारा हात आता कमी दिसतो.

तुमच्या दारात अजून एखादी आरएक्स किंवा येझदी उभी असेल तर मिरग लागायच्या आत फिल्टर काढून धुवा, सावलीत वाळवा, प्लगचा रंग पाहा. स्क्रूला हात त्यानंतर.