डाव्या बाजूचा घास

मराठी भाषेनं दातांवर जेवढं प्रेम केलं, तेवढं मी कधीच केलं नाही. आपण दातओठ खातो, दातांच्या कण्या करतो, प्रसंगी आपली दातखीळ बसते आणि चणे मिळाले की नेमके दात नसतात! पण माझ्या तोंडात दात अठ्ठावीसच आहेत, अक्कलदाढा अजून यायच्या आहेत आणि उजवीकडची एक दाढ किडली आहे, हे मला गेल्या उन्हाळ्यात दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. अकलेबाबत मित्रांचं मत आधीपासून तेच होतं.

अण्णांनी कपाटातून एक जुनं पाकीट काढलं आणि पैसे मोजून माझ्या हातावर ठेवले. दाढ कोरून तिच्यात सिमेंट भरलं गेलं, दातांवरचं कीटणही खरवडून निघालं. घरी येऊन मोठ्या ऐटीत माठातलं पाणी तोंडाला लावलं मात्र, थेट कानशिलापर्यंत वीज चमकून गेली.

मग रोजचाच छळ सुरू झाला. गार पाणी, कैरीची फोड, कोकम सरबत, सगळ्यांशी वैर. बोलायला तोंड उघडावं तर वाराही झोंबे. कुणी लवंगेचं तेल सुचवलं, तर कुणी "फसवलं तुला डॉक्टरनं" म्हणून मोकळा झाला. मला कळेपेक्षा धास्ती वेगळीच होती. अण्णांचे पैसे पाण्यात गेले, हे त्यांना सांगायचं कसं? सहा दिवस गप्प राहिलो. सातव्या दिवशी परस्पर दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी कागदावर दाताचं चित्रच काढलं. वरच्या एनॅमलला संवेदना नसते. त्याखालच्या डेंटिनमध्ये मात्र केसाहून बारीक असंख्य नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. हिरडी खाली सरकलेली असली की उघड्या मुळावर कीटणच पांघरूण होऊन बसतं. ते काढलं की नळ्या उघड्या पडतात. गार लागताच आतला द्रव हलतो आणि नसेला ते कळतं. ही उपपत्ती स्वीडनच्या ब्रेन्‍स्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात मांडली. शिवाय दाढ कोरताना आतली नसही दुखावते. ती बहुधा काही आठवड्यांत शांत होते.

मग त्यांनी रंगीत कागद चावायला देऊन सिमेंटचा उंच राहिलेला कण घासून काढला. पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट लिहून दिली. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणाले. ब्रश मऊ हवा, रेटून घासायचं नाही, आंबट खाल्लं तर चूळ भरून अर्धा तास ब्रशला हात लावायचा नाही. "मात्र कळ बराच वेळ टिकली, रात्री झोपेतून उठवू लागली किंवा सूज आली, तर लगेच यायचं. तोवर घाबरू नकोस. दात जिवंत आहे म्हणून तक्रार करतो. मेलेला दात गारव्यालाही गप्प बसतो."

त्या दिवसांत मी डाव्या बाजूनंच जेवत होतो. एका रात्री समोर अण्णा बसले होते. त्यांनी भाकरी आमटीत कुस्करली आणि घास अलगद डावीकडे सरकवला. मानेचा तोच कल, तीच सावधगिरी. मी चमकलो. भर वैशाखात घरात माठ असताना अण्णा कळशीतलं पाणी पितात, तो मला त्यांचा साधेपणा वाटत आला होता!

"अण्णा, तुमची दाढ दुखते?"

"पूर्वी कळ यायची. आता मुळीच नाही. या बाजूची आपली सवय झाली."

माझा घास घशातच अडकला. डॉक्टरांचं वाक्य कानात वाजत होतं. नंतर आईनं हळूच सांगितलं, की ते पाकीट अण्णांनी स्वतःच्या दाढेसाठी साठवलेलं होतं.

माझी कळ तिसऱ्या आठवड्यात थांबली. जूनपासून 'कमवा व शिका' योजनेत मी ग्रंथालयात पुस्तकं लावू लागलो. गणपतीच्या आधी ते पैसे घेऊन अण्णांना जवळजवळ ओढतच नेलं. नस मेलेलीच होती, आत पू धरू लागला होता. पण मुळापर्यंत साफ करून दाढ वाचवता आली. उरलेले पैसे डॉक्टरांनी हप्त्यानं घ्यायचं कबूल केलं.

सगळं आटोपल्यावर एके दिवशी अण्णा माठाजवळ गेले. तांब्या भरला, घोट घेतला आणि क्षणभर थांबले. मी दारातून बघत होतो.

ते काही बोलले नाहीत. त्यांनी तांब्या पुन्हा भरला.