पंताजीपंत कोणाचे वकील?

सातारच्या आमच्या वाचनमंडळात इतिहासाची पुस्तकं घ्यायचं ठरलं, तेव्हा मी एकच आग्रह धरला. प्रसंग एक निवडायचा आणि तो निरनिराळ्या लेखकांच्या तोंडून ऐकायचा. निवडीला वेळ लागला नाही: 10 नोव्हेंबर 1659, प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज आणि अफझलखान यांची भेट. आमच्याकडे शाळकरी पोरालाही हा प्रसंग तोंडपाठ असतो. म्हणूनच मला तो हवा होता. हकिकत ठाऊक असली की लक्ष सांगणाऱ्याकडे जातं.

सुरुवात जेम्स ग्रँट डफपासून केली. पेशवाई बुडाल्यावर 1818 मध्ये कंपनी सरकारनं या तरुण स्कॉटिश अधिकाऱ्याला साताऱ्यात नेमलं. प्रतापसिंह महाराजांच्या दरबारातले कागद त्याला पाहायला मिळाले, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा पाठिंबा होता. 1826 मध्ये त्याचा मराठ्यांचा इतिहास लंडनमध्ये तीन खंडांत निघाला. म्हणजे ज्यांची सत्ता नुकतीच मोडली, त्यांचा इतिहास मोडणाऱ्यांच्या अधिकाऱ्यानं लिहिला, आणि तोही मुख्यतः आपल्या देशातल्या वाचकांसाठी.

एवढ्यावरून पुस्तक बाजूला सारावं, असं मंडळातल्या काहींचं म्हणणं पडलं. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. डफनं कष्ट घेतले होते, पदरमोड केली होती. जॉन मरे या बड्या प्रकाशकाला पुस्तकाच्या नावात मोगलांचा ऱ्हास आणि इंग्रजांचा उदय हवा होता. डफनं नाव बदलायला नकार दिला. असा माणूस लबाड म्हणून निकालात काढता येत नाही. त्याचा कल शोधायचा तर मजकुरातच उतरावं लागतं.

आम्ही उतरलो. डफचा उतारा आणि कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीतला उतारा शेजारी ठेवला आणि फक्त क्रियापदांखाली पेन्सिलीनं रेघा मारल्या. कोण बोलावतो, कोण आश्वासन देतो, पहिला वार कोण करतो. डफकडे पहिला वार महाराजांचा. सभासदाकडे खान आधी महाराजांची मान काखेत दाबतो, जमदाड चालवतो, मग वाघनख आणि बिचवा.

हा फरक सगळ्यांना अपेक्षित होता. अपेक्षित नव्हता तो पंताजी गोपीनाथांचा. डफच्या इतिहासात ते खानाचे वकील. महाराज त्यांना रात्री एकांतात गाठतात, धर्माची आण घालतात, इनामाचं वचन देतात आणि आपल्याकडे वळवतात. सभासदाच्या बखरीत पंताजीपंत मुळातच महाराजांचे, आणि खानाकडून येतात ते कृष्णाजी भास्कर. एक माणूस एका छावणीतून दुसरीत हलवला की आख्ख्या प्रसंगाची नीती बदलते. एकीकडे तो फितुरीनं रचलेला घात ठरतो, दुसरीकडे सावध राजानं आपल्या वकिलाकरवी काढलेला शत्रूचा अंदाज. डफनं हे मुद्दाम केलं, असं मी म्हणणार नाही. पण महाराजांना कपटी ठरवणारी हकिकत समोर आली, तेव्हा ती त्याला फारशी खटकली नाही. कल बहुधा असाच काम करतो.

सभासदालाही आम्ही मोकळं सोडलं नाही. ही बखर राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीला लिहिली गेली, त्या काळात जिंजीला मोगलांचा वेढा होता. वडिलांचा पराक्रम मुलाला सांगायचा, तोही अशा वेळी. तिथे खानाचा वार आधी पडणं लेखकाच्या हेतूला सोयीचंच होतं.

खरी अडचण आली ती न्यायमूर्ती रानड्यांपाशी. डफवर टीका करायला आपल्याकडे 1860 च्या दशकातच नीळकंठ जनार्दन कीर्तने उभे राहिले होते. रानड्यांचा इंग्रजी ग्रंथ आला 1900 मध्ये. डफनं मराठ्यांच्या उदयाला सह्याद्रीतल्या वणव्याची उपमा दिली होती. रानड्यांनी प्रकरणांची नावंच झाडावरून दिली: जमीन तयार कशी झाली, बी कसं पेरलं गेलं, मग मोहर, मग फळ. वणवा कुठेही पेटतो आणि विझतो. झाडाला मुळं असतात, मशागत लागते, संतांच्या कामाला त्यात जागा मिळते. राष्ट्र घडू शकतं हे राष्ट्रसभेच्या पिढीला पटवणं हा रानड्यांचा हेतू होता आणि त्यांनी तो लपवला नाही. पण 1742 पासून मराठी फौजांच्या स्वाऱ्या सोसणाऱ्या बंगालच्या रयतेला या झाडाखाली सावली नाही. हे एका निवृत्त शिक्षिकेनं बोलून दाखवलं तेव्हा मंडळात चांगलीच चकमक झाली. मला त्या बाईंचं मोल फार वाटलं. डफचा कल कोणीही दाखवील. जो लेखक आपल्याला प्रिय आहे, त्याच्या मजकुरावर पेन्सिल टेकवायला धैर्य लागतं.

मग निवाडा करायचा कसा? राजापूरच्या इंग्रज वखारीतलं डिसेंबर 1659 चं पत्र आम्ही वाचलं. भेटीनंतर महिन्याभराच्या आतबाहेरचं. खानाची फौज अपुरी आहे हे ओळखून विजापूरच्या बेगमेनं त्याला मैत्रीचं सोंग करण्याचा सल्ला दिला होता, अशी बातमी हेन्री रेव्हिंग्टन त्यात कळवतो. एकानं लगेच हरकत घेतली: हा रेव्हिंग्टन कसला त्रयस्थ? 1660 मध्ये पन्हाळ्यावर तोफा डागायला सिद्दी जौहरच्या मदतीला गेला तो हाच, आणि पुढे महाराजांच्या कैदेत पडला तोही हाच.

हरकत रास्त होती. पण त्याच हरकतीनं पत्राचं वजन वाढवलं. ज्याचा व्यापार आदिलशाहीच्या मुलखात होता आणि ज्यानं पुढे विजापूरच्या बाजूनं तोफा चालवल्या, तोच विजापूरच्या कपटाची बातमी आपल्या मालकांना कळवतो आहे. महाराजांची बाजू राखण्यात त्याला काडीचाही लाभ नव्हता. पंताजीपंत कोणाचे, हे मात्र या पत्रातून कळत नाही. त्यासाठी आम्ही आता जदुनाथ सरकारांचा 1919 चा ग्रंथ हाती घेतला आहे.