ठमेलमधली शोधाशोध

कै. दादांचा फ्रेंच स्टोव्ह एकदा तरी हिमालयात पेटवायचा, असे मी त्यांना कबूल केले होते. विमानात गॅसची डबी नेऊ देत नाहीत. म्हणून काठमांडूला ठमेलच्या गल्ल्या धुंडाळल्या. डब्या दुकानोदुकानी, पण साऱ्या आट्यांच्या! आमचा स्टोव्ह डबीला भोक पाडून बसणारा. "बसवून बघा," एक दुकानदार म्हणाला. मी हात जोडले. गॅसशी कसली थट्टा? सहाव्या दुकानात दोरखंडांमागून धुळीने माखलेली, पण बिनगंजाची डबी निघाली.

मोटारीने स्याब्रुबेसी, पुढे पायी क्यांजिन गोम्पा. उंची ३८०० मीटरांवर. ब्यूटेन शून्याखाली वाफ धरत नाही, म्हणून हिने रात्री डबी पांघरुणात घेतली. पहाटे चहा झाला. पहिला पेला मी दादांसाठी बाजूला ठेवला.

"निवेल हो," ही म्हणाली. तो आम्ही वाटून घेतला.